कानखोली

अठराव्या वर्षी माझ्याइतकी शहाणी मुलगी सबंध मुरबाड तालुक्यात नव्हती. हा निकाल मीच दिला होता आणि त्यावर अपील करायला कुणी आलं नाही, म्हणून तो कायम झाला. दहावी पास, तीही पहिल्या फटक्यात. अक्षर असं की गावातल्या म्हाताऱ्या बाया पत्र लिहून घ्यायला शाळामास्तरांना सोडून माझ्याकडे यायच्या. आणि मुरबाडबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, कॅसेटच्या कारखान्यात, खुर्चीवर बसून करायची नोकरी. धसईकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसायचे आणि भाताच्या आवणीला वाकलेल्या बायकांकडे अशी बघायचे, जणू चिखलाला माझा पाय कधी लागलाच नव्हता. त्या बायकांत एक माझी आई असायची. ती एसटी दिसली की कंबर सरळ करून हात वर करायची. मी दप्तर चाचपल्यासारखं करून मान खाली घालायचे. शेजारी बसलेल्याला ती माझी आई आहे हे कळलं तर माझ्या पदाला बाध येईल, असं मला वाटायचं. पद काय, तर कान लावून बसायचं.

कॅसेट हा प्रकार आता सांगून समजवावा लागतो. मुंबईहून गाण्यांचं मूळ रीळ यायचं, त्याला कारखान्यात सगळे ‘आई’ म्हणत. आई एका मोठ्या यंत्रावर सूं सूं करत फिरायची आणि तिला जोडलेल्या आठ यंत्रांवर तिच्या नकला उतरायच्या, त्या ‘पोरी’. पोरींचे तुकडे करून ते प्लॅस्टिकच्या डबीत भरले की झाली कॅसेट. त्यातल्या काही उचलून आमच्या खोलीत यायच्या आणि आम्ही चौघी कानाला हेडफोन लावून त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचो. कुठे खरखर आहे, कुठे आवाज बुडतो, कुठे एका कानात येतो नि दुसऱ्यात नाही, ते शोधायचं. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, आणि पंख्याचा आवाज नको म्हणून पंखाच नव्हता. घामाने हेडफोनची गादी कानाला चिकटायची, काढताना चर्रकन आवाज यायचा. बाहेरचे लोक त्या खोलीला कानखोली म्हणत. प्रत्येक मालामागे एक कार्ड असायचं. माल बरा असेल तर त्यावर लिहायचं ‘ठीक’. नसेल तर दोष कोणता, कुठल्या बाजूला, किती मिनिटांवर, कोणत्या यंत्राचा, सगळं सविस्तर. खाली ऐकणारीची सही.

ही विद्या मी घरीही आणली. संध्याकाळी चुलीपुढे आई तांदळाच्या पिठाची उकड मळत असायची, तव्यावर बोंबील भाजल्याचा वास घरभर, आणि मी उंबऱ्यात बसून तपासणी चालू ठेवायचे. “आई, तुझं जातं डावीकडे घासतंय.” “बाबा, तुमचा खोकला दोन वेळा आपटतो, एकदा वर, एकदा खाली.” बाबा म्हणायचे, “हिला कानाची नोकरी काय लागली, आमची तोंडं बंद झाली.” भाकरी थापताना आईचा हात मात्र जरा जोरात पडायचा. तो आवाज बरोबर ऐकायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

चौघींत जनी नावाची एक होती. तिशीची असेल. माहेर शहापूरकडचं, तानसाच्या धरणाजवळच्या ठाकरवाडीचं, आणि सासर टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. लिहिता-वाचता काहीच येत नव्हतं. ती कारखान्यात झाडूवाली म्हणून आली होती. एक दिवस झाडता झाडता यंत्रवाल्याला म्हणाली, “ही तिसरी रडती.” तो हसला. दुपारी तिसऱ्या यंत्राचा पट्टा तुटला. मग मोहितेसाहेबांनी, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांनी, तिच्या कानाला हेडफोन लावून परीक्षा घेतली आणि झाडू काढून तिला आमच्यात बसवलं. मला ते अजिबात आवडलं नाही. मी दहावी होऊन जिथे बसले तिथे ही झाडू ठेवून बसते म्हणजे काय! त्यातून तिची कार्डं लिहायची मीच. ती सांगायची, मी लिहायचे आणि शाईच्या पॅडवर तिचा अंगठा टेकवून खाली उमटवायचे. हे करताना मी चेहरा असा ठेवायचे, जशी काही तिला लस टोचते आहे.

तिला मात्र माझा राग यायचा नाही. जेवायच्या सुट्टीत नाचणीची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवायची. “इंदूबाय, तू आयकतेस ती गाणी. गाणी आयकू नको गो. बाजारात मडकं घेताना कसं वाजवून बघत्यात? मडक्याचं गाणं कोन आयकतं? तडा हाय का तेवडंच.” नवरा मधाचं पोळं काढायला चढला नि कड्यावरून पडून गेला. मागे एक मुलगी, भिमी, सात वर्षांची. आधी दरसाल कापणी झाली की वाडीत वीटभट्टीचा ट्रक यायचा आणि जनी भिमीला घेऊन त्यात चढायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परत. कारखान्यात लागल्यापासून ती ट्रकमध्ये चढली नव्हती आणि भिमी आश्रमशाळेत राहत होती. “माजी भिमी आता सोळापर्यंत पाडे म्हनती,” असं ती कुणालाही सांगायची, विचारलेलं नसलं तरी. नोकरी आहे तोवर भिमी शाळेत, गेली की भट्टीवर. हे मला पक्कं माहीत होतं. पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं नाही, एवढ्यासाठी हे लिहून ठेवते.

तर एके दिवशी तो अल्बम आला. तोवर आम्ही भजनं, लग्नाची गाणी, सिनेमाची गाणी असलं ऐकत होतो. हा विलायती होता. कव्हरवर आभाळात उलटी टांगलेली विहीर, आणि तिच्यातून खाली डोकावणारा एक मासा. जनी ते चित्र बराच वेळ बघत राहिली. “आमच्या तानसाची विहीर अशीच हाय,” ती म्हणाली. “पानी वरच्या वर मुंबईला. आमी खालून बघायचं.” मागच्या बाजूला पाच बाप्यांचा फोटो, दाढ्या अर्ध्या पांढऱ्या. साहेब म्हणाले, हा फार जुना बँड, वीस वर्षं एकत्र वाजवतात. आम्ही त्याचं नावच ठेवलं, म्हाताऱ्यांचा बँड. चाळिशीतली माणसं होती ती! आज माझा जावई त्यांच्याहून थोराड आहे आणि त्याला कुणी म्हातारा म्हटलं तर त्याचा रक्तदाब वाढतो.

एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. गाणं तरी कसं म्हणायचं? आधी कुठेतरी लांब दार करकरायचं, मग घंटा, मग देवळात कोंडलेल्या वाऱ्यासारखी पेटी, आणि मग ढोल सुरू व्हायचा तो सातावर. बोटांनी मोजायला जावं तर शेवटचं बोट हवेतच राहायचं. मला डोकं दुखायचं. ‘इंग्रजी आहे, खोल अर्थ असणार’ असं मी इतर दोघींना सांगायचे. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. जनी डोळे मिटून मांडीवर बरोबर सात हाणायची. “हे गानं नाय गो,” ती म्हणायची, “ही वाट हाय. डोंगर चढल्यावानी. बोलायचं नाय, चालत ऱ्हायाचं.” हल्ली नातीने फोनवर शोधून सांगितलं की आजी, याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्हणत असतील. जनीने ते नाव न कळताच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या बाजूला, गाणं ऐन भरात असताना, एकदम सगळं थांबायचं. ढोल, पेटी, सगळं. वीस-पंचवीस अंक मोजून होईतो काही म्हणजे काही नाही, आणि मग हळूहळू पुन्हा उठायचं. जनीने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तिने हेडफोन ओरबाडून काढले, यंत्राच्या बटणावर हात मारला आणि उभी राहून ओरडली, “कोन गेला? कोन गेला?” आम्ही तिघी दचकलो. साहेब धावत आले. त्यांनी मुंबईहून आलेला कागद दाखवला. शांतता मुद्दाम ठेवलेली होती, तसं लिहिलेलंच होतं. साहेब हसले, यंत्रवाले दारात येऊन हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. नंतरचे चार दिवस एसटीत माझा तो खेळच झाला. टोपरं ओढल्यासारखे दोन्ही हात कानांवरून काढायचे आणि किंचाळायचं, “कोन गेला?” घरीही करून दाखवलं. बाबा हसले. आईने भात वाढता वाढता विचारलं, “तिचा घरवाला गेला तवा काय वाजत व्हतं?” मी म्हटलं, मला काय माहीत. नंतर कळलं. वाडीत लग्न होतं, भोपळ्याचा तो फुंकून वाजवायचा तारपा वाजत होता, सगळे गोल धरून नाचत होते. निरोप आला आणि तारपेवाल्याने मध्येच तोंड काढलं. त्यांच्यात नाच चालू असताना तारपा असा तुटत नाही. तुटला म्हणजे कुणीतरी गेलं. जनी नाचता नाचता थांबली होती आणि हेच विचारलं होतं.

त्या हशानंतर काही आठवड्यांनी त्याच अल्बमचा दुसरा माल निघाला. मुंबईहून घाई होती. भात पिवळं झालं होतं, अर्धे कामगार कापणीला रजेवर, यंत्रं दोन पाळ्या चाललेली. त्याच सुमारास साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कानखोलीत आता एक मुख्य नेमायची आहे, शिकलेली, समजूतदार, उगाच माल न अडवणारी. मुख्य होणारीला हातांची खुर्ची मिळणार होती. आम्हा चौघींना स्टुलं होती. हातांची खुर्ची! मला रात्रंदिवस ती खुर्ची दिसायला लागली. कोपर कसं टेकायचं याचा सराव मी घरी पाटावर उशी ठेवून केला. माणूस कशासाठी पाप करतो म्हणून विचाराल, तर मी कोपरांसाठी केलं.

दुपारची जेवणं झाली होती. जनीने एक कॅसेट दोनदा ऐकली, मग तिसऱ्यांदा. हेडफोन काढून म्हणाली, “इंदूबाय, ही पोरगी पाय वढती.”

“कुठे?”

“शांत झाल्यावर परत उठत्यात ना म्हातारे, तवा. आदीच्या मालात ताठ उठायचे. हिच्यात थकून उठत्यात. सात हानत हानत मागं पडत्यात.”

मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला ऐकू आलं. फार नाही, पण मांडीवर सात धरले तर सातवं उशिरा यायचं. पण माझ्या डोळ्यांपुढे साहेब आले, तोच कागद हातात घेऊन. हा आणखी एक मुद्दाम ठेवलेला प्रकार निघाला तर? पुन्हा हशा, आणि या वेळी कार्डावर अक्षर माझं. जनीला ‘नाही गं, ठीक आहे’ म्हणावं तर ती ऐकणार नाही, वाद घालील, इतर दोघींना बोलवील. म्हणून मी मान डोलावली. “हो गं, ओढतेय. लिहिते दोष,” म्हणाले. कार्ड पुढे ओढलं आणि त्यावर लिहिलं, ठीक. मग तिचा अंगठा धरला. तिचा अंगठा खरखरीत, वाळल्या लाकडासारखा कडक होता. तो मी पॅडवर टेकवला आणि माझ्या शब्दाखाली उमटवला. ती कार्डाकडे बघत होती.

माल गेला. एका महिन्याने सगळाच्या सगळा परत आला. आठांतल्या एका यंत्राचं चाक झिजलं होतं, टेप घसरत होती. तडकाफडकी कार्डं काढली. खाली जनीचा अंगठा. आम्हाला चौघींना साहेबांच्या टेबलासमोर उभं केलं. जनी घाबरलेली नव्हती. “मी सांगितलं व्हतं साहेब, पाय वढती म्हनून. इंदूबायला इचारा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “सांगितलं होतं?”

मी विचार करायला वेळ घेतला असता तर आज निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मी लगेच बोलले. “नाही साहेब. ती ठीक म्हणाली.”

इतर दोघी आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. जनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखादी कॅसेट पुन्हा लावून बघावी तसं, खात्री करून घेतल्यासारखं. मग पदराने अंगठा पुसला, शाई नव्हती तरी, आणि बाहेर गेली. तिचा जेवणाचा डबा कानखोलीतच राहिला. आमच्यापैकी कुणी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आतल्या कालवणाला वास सुटला तेव्हा शिपायाने तो कागदात धरून बाहेर टाकला. त्या हंगामात टोकावड्याच्या वरच्या वाड्यांतून भट्टीचे ट्रक निघाले. एक ट्रक आमच्या एसटीसमोरून गेला. मागे बायका, पोरं, गाठोडी, कोंबड्या. मी खिडकीतून बघितलं नाही. मान खाली घालायची सवय होतीच.

खुर्ची मला मिळाली. तिचा डावा हात हलायचा. दोन वर्षांनी कारखाना बंद पडला, माझं लग्न झालं, आणि शहाणपण पोरांच्या लंगोटांत धुऊन निघालं.

मागच्या महिन्यात नातीने तो अल्बम मला पुरा ऐकवला. बँडातले दोघे वारले म्हणे. उरलेल्या तिघांनी ऐंशीच्या घरात आता नवा अल्बम काढलाय. नात म्हणाली, आजी, तू रडतेस का, एवढं काय त्यात? म्हटलं, डोळ्यांत थेंब घातलेत डॉक्टरांनी. शांततेनंतर म्हातारे ताठ उठले. मी मांडीवर सात धरून बघितले. एकही मागे पडला नाही.

जनी मला एकदाच भेटली. लग्नाला चार वर्षं झाली असतील. श्रावणातला धसईचा बाजार, माझ्या कडेवर धाकटा. ती रस्त्याच्या कडेला कंटोळ्यांचे वाटे मांडून बसली होती. केस पिकले होते. मी पुढे निघून जाणार होते, पण तिनेच हाक मारली, “इंदूबाय, तुजं का? किती म्हैन्यांचा?”

“आठ.” मग मी नको तेच विचारलं. “भिमी कशी आहे?”

“भिमी गेली गो.” पलीकडच्या बाजारात मिरची महाग झाली म्हणून सांगावं, तशा सुरात. “भट्टीवर. ताप आला, तिसऱ्या दिशी. पयल्याच साली.”

धाकट्याने माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. मी ते काढलं. तिथे, त्या चिखलात, मी म्हणाले, “जने, कार्डावर मी…”

“माहीत हाय.”

“कुणी सांगितलं?”

“कोन सांगनार? मला वाचता येत नाय, पन पेन आयकू येतो ना. दोष असला की तुजा पेन लई येळ चालायचा. कुठं, कसा, कवा. त्या दिशी दोन फराट्यांत थांबला.”

“मग अंगठा का दिलास?”

“म्हनलं, शिकलेली पोर हाय. तिला माज्याहून बरं आयकू आलं आसंल. मला वाईट वाटू नये म्हनून खोटं बोलली.” तिने दोन वाटे उचलून माझ्या पिशवीत ओतले, आणि आणखी मूठभर वर घातली. “पोराला घे सावलीत. ऊन लागंल.”

मी पिशवी घेतली. घरी येऊन कंटोळी चिरली, बिया काढल्या, लसूण-मिरचीवर परतली, वर ओलं खोबरं घातलं. सासूबाई, नवरा, दीर, सगळ्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली. मीही जेवले.